एक युरो, दोन दावेदार

नोटा छापण्याचे काम आमच्या नाशिकरोडला 1928 पासून चालत आले आहे. नाणी मात्र मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे पडतात. त्यामुळे नाशिककराच्या मनात नाण्याविषयी एक सुप्त हुरहुर असते, असा माझा सिद्धान्त आहे. आमच्या घरात तो मला सोडून कोणालाच मान्य नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता एका पर्यटन कंपनीबरोबर युरोपला निघालो, तेव्हा मी घड्याळे, अत्तरे, चॉकलेटे यांपैकी काहीही विकत घेणार नाही, फक्त जागोजागचा एकेक बिल्ला आणीन, अशी प्रतिज्ञा केली. सौभाग्यवतीला ही प्रतिज्ञा काटकसरीची वाटली आणि तिने ती तत्काळ मंजूर केली. बिल्ला म्हणजे नेमके काय, हे तिने विचारले नाही आणि मीही आपण होऊन सांगितले नाही.

फ्रान्समध्ये पाहण्यासारखी जागा आली, की तेथे बहुधा एक उभे यंत्र असते. त्यात सुटे युरो टाकले, की 34 मिलिमीटर व्यासाचे, पिवळेधमक पदक खणकन खाली पडते. एका बाजूला त्या स्थळाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला पॅरिसच्या टांकसाळीचे नाव. ही टांकसाळ इ. स. 864 सालची, म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूट राज्य करीत होते तेव्हाची. इतक्या जुन्या घराण्याचे हे अपत्य असले, तरी त्यावर किंमत छापलेली नसते आणि त्याने साधा पावही विकत मिळत नाही. चालणारी नाणी देऊन न चालणारे नाणे घ्यायचे, असा हा व्यवहार असल्याचे इफेल टॉवरच्या पायथ्याशी सौ.च्या लक्षात आले. पण तिचा खरा आक्षेप पैशांना नव्हता, नाण्यांना होता.

कारण युरोपात देहधर्म फुकट नसतो. कुठे पन्नास सेंट, कुठे एक युरो, असे दाराशी मोजावे लागतात आणि फाटकाच्या फटीत नोट जात नाही. आमच्या टूर मॅनेजरने पहिल्याच दिवशी बसमध्ये जाहीर केले होते, की प्रत्येकाने सुटे जवळ बाळगावेत. बाकी सूचना सगळेजण विसरले; ही सूचना मात्र बसमधल्या समस्त महिलांनी मंत्रासारखी धरून ठेवली. सौ.ने एक जरीचा बटवा खास या कामासाठी राखला, आणि मला वाटेत मिळालेले प्रत्येक नाणे त्यात जमा करण्याचा फतवा निघाला. म्हणजे एकाच युरोवर दोघांचा दावा, आणि दोन्ही दावे तातडीचे.

यावर मी एक तोडगा काढला. नाशिकहून निघताना आम्हाला परकीय चलन मिळाले होते ते सगळे नोटांत. तेव्हा पाच युरोची नोट मोडण्यासाठी मी पाण्याची बाटली विकत घेऊ लागलो. हातात सुटे आले, बिल्ला आला, बाटली शिल्लक राहिली. इतके पैसे मोजून घेतलेले पाणी टाकून देणे आमच्या संस्कारात बसत नसल्यामुळे ते मी निष्ठेने पिऊन टाकी, आणि पाऊण तासाने मलाच बटव्यासमोर हात पसरून उभे राहावे लागे. "अहो, आत्ताच तर मशीनमध्ये टाकलेत ना?" असे ती विचारी, आणि सगळी बस कान देऊन ऐके. त्या सहलीत मी एकूण चौदा बिल्ले जमवले. त्यांपायी किती लिटर पाणी प्यालो, त्याचा हिशोब ठेवण्याचे धैर्य मला झाले नाही.

जर्मनीत प्रकरण आणखी चिघळले. कोलोनच्या कॅथेड्रलच्या परिसरात एक हातचक्की दिसली. तीत एक युरो शुल्क म्हणून टाकायचा, शिवाय पाच सेंटचे नाणे वेगळे घालायचे आणि चाक गरागरा फिरवायचे. मग ते नाणे चपटे, लांबुळके होऊन, अंगावर नवे चित्र घेऊन बाहेर येते. ही कला 1890च्या दशकात शिकागोच्या जागतिक प्रदर्शनापासून सुरू झाल्याचे मी सौ.ला सांगू लागलो, पण तिची नजर माझ्या तळहातावर होती.

"एक युरो देऊन पाच सेंट चिरडून घेतलेत?"

या वाक्याला आजतागायत उत्तर सापडलेले नाही. लहानपणी नाशिकरोडला आम्ही पोरे रुळावर ॲल्युमिनियमचे पाच पैसे ठेवून मालगाडीची वाट पाहत असू. तेव्हा हेच काम भारतीय रेल्वे विनामूल्य करून देत असे. वडिलांना कळल्यावर जे मिळे, त्यालाही शुल्क नव्हते. तरी मी सौ.ला इतिहासाचा दाखला दिला. 1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. चालत्या नाण्यावर दुसरे चित्र उमटवणे ही तर आपल्या जिल्ह्याची परंपरा! "सातकर्णीने लढाई जिंकली होती," ती म्हणाली, "तुम्ही रांगेत उभे होतात."

रोममध्ये मात्र मला सूड उगवण्याची संधी मिळाली. ट्रेव्ही कारंज्याकडे पाठ करून तिने बटव्यातले चक्क एक नाणे खांद्यावरून पाण्यात फेकले. असे केल्यास माणूस पुन्हा रोमला येतो, अशी समजूत आहे. मी गरजेच्या नाण्याच्या उधळपट्टीविषयी चार शब्द बोललो. ती पूर्ण शांतपणे म्हणाली, की रामकुंडात आपण टाकतो तेव्हा पोरे लोहचुंबक बांधून ते काढतात, इथले गोळा होऊन धर्मादाय कामाला जाते. तुमचे चौदा बिल्ले कोणाच्या कामाला जाणार आहेत?

परतीच्या विमानतळावर तपासणीत माझी पिशवी अडवली गेली. अधिकाऱ्याने चौदाही बिल्ले ट्रेमध्ये मांडले आणि हे पैसे आहेत का, असे विचारले. मी नाही म्हणालो. मग काय आहे, हा त्याचा पुढचा प्रश्न होता, आणि तो ऐकताच सौ. माझ्या उत्तराकडे त्याच्याहून अधिक उत्सुकतेने पाहू लागली.

घरी आल्यावर उरलेली खरी नाणी घेऊन मी चलन बदलून देणाऱ्याकडे गेलो, तर तो म्हणाला, नोटा असतील तर द्या, नाणी आम्ही घेत नाही. म्हणजे नाशिकच्या हद्दीत माझे युरो आणि माझे बिल्ले यांचा दर्जा अखेर एकच झाला. तसे आमच्याकडे दहा रुपयांचे अस्सल नाणेही घेताना काही दुकानदार तोंड वाकडे करतात, तेथे परदेशी धातूची काय कथा!

यंदा लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदीच्या नाण्यांशेजारी मी हळूच इफेल टॉवर ठेवून पाहिला. सौ.ने तो उचलून बाजूला ठेवला. "ही लक्ष्मी नाही, बिल्ला आहे." त्याच्या जागी तिने बटव्यात उरलेला एक युरो ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिले.

आता मुलगा जपानला जाऊ म्हणतो आहे. तेथे स्मृतिपदकावर आपले नाव आणि तारीख एकेक अक्षर ठोकून देणारी यंत्रे असतात, हे मी मोठ्या सावधपणे घरात काढले. सौ. बराच वेळ मोबाइलवर काहीतरी वाचत होती. मग चष्मा काढून म्हणाली, "तिथली सार्वजनिक शौचालयं फुकट असतात. सगळी नाणी तुमची."