कान दुखतोय? आधी आत बघायला सांगा

आज थोडं चिडून लिहितेय. कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, त्यामुळे विषय कानाचाच.

कानदुखीच्या बऱ्याच पेशंटचा माझ्याकडे येण्याआधीच अँटिबायोटिक गोळ्यांचा एक कोर्स झालेला असतो. कधी कधी दोन. ठणका मात्र जागेवरच. "कानात कुणी बघितलं का?" असं विचारलं तर उत्तर येतं, "नाही, दुखतंय म्हटलं आणि गोळ्या लिहून दिल्या." दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला!

बाहेरच्या कानाची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटीमीटरची. तिच्या सुरुवातीच्या भागात केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला भाग हाडाचा, आणि त्यावरची कातडी इतकी पातळ की जराशी सूज आली तरी तिला पसरायला जागाच नसते. म्हणून एवढ्याशा जागेतलं दुखणं माणसाला रात्रभर झोपू देत नाही. आणि ज्या मळाचा सगळ्यांना एवढा राग, तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी आत मुरू देत नाही, जंतूंना वाढू देत नाही. आपण तो कोरून काढतो, त्या नादात कातडी खरचटते, वर पोहताना किंवा आंघोळीत पाणी साठतं. मग स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस या जंतूंना रान मोकळं. इअरबडच्या पाकिटावर 'कानात घालू नका' असं छापलेलं असतं, ते कुणीच का वाचत नाही हे मला न सुटलेलं कोडं आहे.

आता निदान. कानाची पाळी हलकेच ओढली किंवा भोकासमोरचा छोटा उंचवटा दाबला आणि पेशंट कळवळला, तर आजार बहुधा नळीत आहे. पडद्यामागच्या, म्हणजे मधल्या कानाच्या इन्फेक्शनमध्ये एरवी असं होत नाही. तिथे बहुतेक वेळा सर्दी झालेली असते, ताप असतो, लहान मूल असतं. पण एवढ्यावर थांबू नये. ऑटोस्कोपमधून, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या छोट्या उपकरणातून बघितलं की नळीची लाली, सूज, आत साचलेली घाण दिसते, आणि मुख्य म्हणजे पडदा शाबूत आहे का ते कळतं. कारण पडद्याला भोक असेल तर जेंटामायसिन, निओमायसिनसारखे थेंब आतल्या कानापर्यंत पोहोचून ऐकू येण्यावरच घाला घालू शकतात. तिथे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनचे थेंब चालतात. स्वॅब, म्हणजे आतल्या स्रावाचा तपासणीसाठीचा नमुना, प्रत्येकाचा लागत नाही. उपचारांना दाद मिळत नसेल तेव्हा तो पाठवावा.

दुखण्यापेक्षा खाज जास्त असेल, आत ओल्या कागदासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसत असतील, तर ती बुरशी. तिथे अँटिबायोटिक थेंब घालत राहिलं की बुरशी आणखी फोफावते. तिला बुरशीचंच औषध हवं.

बॅक्टेरियाच्या साध्या इन्फेक्शनमध्ये खरा उपचार दोनच गोष्टींचा: नळी साफ करणं आणि थेंब. थेंबांमधून औषध जेवढं तीव्र प्रमाणात त्या कातडीला मिळतं, त्याच्या जवळपासही गोळीतून पोहोचत नाही. त्यातून नेहमीच्या अनेक गोळ्या स्यूडोमोनासवर चालतच नाहीत. म्हणजे पोट बिघडतं आणि कान तसाच. माझ्याच व्यवसायबंधूंना हे बोचेल, पण गोळी लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि कान साफ करायला दहा, हेही त्यामागचं एक कारण आहे.

नळी सुजून बंदच झाली असेल तर थेंब आत जाणार कसे? तेव्हा आम्ही एक बारीक वात सरकवून ठेवतो. ती औषध शोषून आतपर्यंत नेते. सूज उतरली की ती काढतो, कधी आपोआप गळून पडते. आणि वेदनाशामक द्यायलाच हवं. हे दुखणं सोसायचं नसतं.

थेंब घालतानाही घाई नको. बाटली हातात धरून जरा कोमट करा, गार थेंबांनी गरगरतं. कुशीवर पडून तीन ते पाच मिनिटं तसंच राहा. दोन-तीन दिवसांत उतार पडायला हवा. पडला नाही तर औषध बदलण्याआधी कान पुन्हा बघायला हवा. बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पुरे करा, सहसा सात ते दहा. तोवर कान कोरडा ठेवा. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी बसवला की काम भागतं.

गोळ्या कधीच नकोत असं मी म्हणत नाही. इन्फेक्शन नळीबाहेर पाळीवर, गालाकडे पसरलं, किंवा पेशंटला मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर गणित बदलतं. वयस्कर मधुमेही माणसाचा कान रात्रंदिवस ठणकत असेल, उपचार करूनही थांबत नसेल, तोंड एका बाजूला वाकडं व्हायला लागलं असेल, तर आजार कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत गेलेला असू शकतो. तिथे स्कॅन लागतो, अँटिबायोटिक्स कित्येक आठवडे चालतात, आणि उशीर जिवावर बेततो. अशा पेशंटच्या घरच्यांनी 'कानच तर दुखतोय' म्हणत बसू नये.

आणि उरलेली थेंबांची बाटली पुढच्या वेळेसाठी कपाटात जपून ठेवू नका. पुढच्या वेळी बुरशी असेल की पडद्याला भोक, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.