घाटात बी फेकलं म्हणजे झाड लागलं, असं नाही

मे महिना लागला की तो संदेश फिरू लागतो. यंदा माझ्याकडे चार ग्रुपांतून आला. मजकूर थोडाफार बदलतो, सांगणं तेच असतं: बिया धुवा, कडक उन्हात वाळवा, बियांवर आणखी काही करायची गरज नाही, मातीच्या गोळ्यात भरा, गाडीत ठेवा आणि पहिल्या पावसात घाटात, माळावर, जिथे उघडं दिसेल तिथे फेका. पुढचं निसर्ग बघून घेईल. यादीत आंबा, फणस, जांभूळ असतात आणि हल्ली मोह, बहावा, साग, पळस अशी पानगळीची झाडंही असतात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. मुलं सुट्टीत मन लावून गोळे वळतात. त्यांचे कष्ट वाया जातात, याचंच मला वाईट वाटतं. गेली बारा वर्षं मी देशी झाडांची रोपं बियांपासून करते आहे आणि या संदेशातली जवळजवळ प्रत्येक सूचना कुठल्या ना कुठल्या बियाच्या जिवावर उठणारी आहे.

‘कडक उन्हात वाळवा.’ ज्वारी, तूर, हरभरा साठवायची सवय असल्यामुळे बी म्हटलं की ते वाळवून ठेवायचं, असं आपल्याला वाटतं. मोहाचं तसं नाही. त्याची फळं जून-जुलैत, पावसाच्या तोंडावर पिकतात. बी ओल्या जमिनीवर पडावं आणि लगेच रुजावं, अशीच त्याची घडण आहे. ते वाळवलं की आतला जीव जातो आणि साठवलं तर काही आठवड्यांतच उगवण झपाट्याने घसरते. आंबा, फणस, जांभूळ यांचंही तेच. म्हणजे संदेश पाळणारा माणूस जितका काळजीपूर्वक बिया वाळवेल, तितक्या अधिक बिया तो मारेल. मोहाचं बी फळातून काढा, धुवा आणि त्याच आठवड्यात मातीत घाला.

‘बियांवर आणखी काही करायची गरज नाही.’ इथे बहाव्याचं उदाहरण घ्या. हात-दीड हात लांब काळी शेंग फोडली की चिकट गराच्या चकत्यांमध्ये एकेक चपटं, गुळगुळीत बी निघतं. त्याचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही. तसंच पेरलेलं बी वर्षभर मातीत जसंच्या तसं पडून राहू शकतं. मी प्रत्येक बी खरखरीत फरशीवर एका कडेला घासते, आतला फिकट थर दिसेपर्यंत. डोळ्याची, म्हणजे कोंब फुटतो ती बाजू सोडायची. मग रात्रभर पाण्यात. सकाळी जी फुगून दुप्पट झाली ती पेरायची, जी फुगली नाहीत ती पुन्हा घासायची. पन्नास बियांना तासभर लागतो.

सागाची तऱ्हा आणखी निराळी. आपण ज्याला सागाचं बी म्हणतो ते खरं तर टणक फळ असतं आणि त्यात चारपर्यंत बिया असू शकतात. ही फळं गोणपाटात भरून बारा तास पाण्यात, बारा तास उन्हात, असं आठ-दहा दिवस करावं लागतं. ताज्यापेक्षा वर्षभर जुनं बी बरं उगवतं. तरीही सगळी एकदम रुजत नाहीत. वाफ्यात कोंब कित्येक आठवडे मागेपुढे येत राहतात. एकाच उन्हाने सागाला मदत होते आणि मोह मरतो. मग सगळ्या बियांना एकच कृती कशी चालेल?

मातीच्या गोळ्यांबद्दल जपानचे शेतकरी मासानोबू फुकुओका यांचा दाखला दिला जातो. फुकुओकांना १९८८मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांचं काम मोठंच आहे. पण त्यांनी मुळात पक्षी आणि उंदरांनी दाणे खाऊ नयेत म्हणून भाताचं बी मातीत घोळवलं, तेही स्वतःच्या, रोज पाय पडणाऱ्या शेतात. आपल्याकडे लिंबाएवढा चिकणमातीचा गोळा वळून त्याच्या मधोमध काटेसावरीचं मिरीएवढं बी ठेवतात. बी आपल्या जाडीच्या दुप्पट खोल असलं की पुरे. एवढ्या आतून त्या नाजूक कोंबाला वर येणं जड जातं. पळसाचं ताजं बी तर गोळा सुकेपर्यंतच त्याच्या ओलीत फुगायला लागतं आणि मग कडक मातीत अडकून मरतं.

‘जिथे उघडं दिसेल तिथे फेका’ या सूचनेची मला सर्वांत जास्त भीती वाटते. उघडं म्हणजे ओसाड नव्हे. कास पठारावर जांभ्या दगडावर जेमतेम काही इंच माती आहे आणि ‘सीतेची आसवं’ या नावाच्या फुलांसारखी फुलं तिथे उमलतात, कारण वर झाडांची सावली नाही. पश्चिम घाटाच्या ज्या भागांना २०१२मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी राहत आला तोही गवतामुळे. अशा ठिकाणी फेकलेलं बी रुजलंच, तर ते नुकसान आहे. त्यातून गोळ्यात सुबाभूळ असेल, तर ती मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची आणि एकदा शिरली की हटत नाही.

राहिलं, ‘पुढचं निसर्ग बघून घेईल.’ जंगलाला कुठे माळी असतो, असं लोक विचारतात. पण मोठा साग वर्षाला हजारो फळं टाकतो आणि त्याच्या अख्ख्या आयुष्यात त्यातलं एखादं झाड उभं राहिलं तरी जंगल टिकतं. आपल्याकडे पिशवीभरच बिया असतात. शिवाय डोंगर उघडे पडलेत ते बियांअभावी नव्हे, वणवा, चराई आणि कुऱ्हाडीमुळे. ते थांबलं तर जवळच्या जुन्या झाडांचं बी आपण होऊन रुजतं.

फेकण्याऐवजी टोकणं मात्र चालतं. पळस, करंज आणि ताजा मोह यांचं बी आपल्या बांधावर, राखता येईल अशा जागी, बोटाच्या एका पेराएवढं खोल टोकून वर पालापाचोळा टाका. बाकीच्यांची रोपं करा. पिशवी निदान दहा इंच खोल घ्या, कारण या झाडांचं सोटमूळ खोडाच्या कितीतरी पुढे धावतं.

आणि हिवाळ्यात पिशवीतल्या काडीची सगळी पानं झडली की ती उपटून टाकू नका. नखाने साल जराशी खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर रोप जिवंत आहे. पळसाची तर पहिली काही वर्षं उन्हाळ्यात खोडच वाळून जातं आणि मूळ तेवढं खाली वाढत राहतं. पाणी चालू ठेवा. जूनच्या आसपास बुडापासून नवा कोंब येतो.