‘एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाका’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

हार्डवेअर-नेटवर्किंगचं काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच असतो: “सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर ‘ॲक्सेस डिनाइड’ दाखवतंय? फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲड, एव्हरीवन, फुल कंट्रोल, ओके. लिनक्स असेल तर चमोड ७७७. पाच मिनिटांत काम खल्लास. ऑफिसात सगळी आपलीच माणसं असतात, आणि वाटलं तर नंतर काढून टाकता येतं.”

थोडक्यात, फोल्डर वापरायची परवानगी, म्हणजे परमिशन, सगळ्यांना पूर्णपणे देऊन टाका. हा सल्ला देणाऱ्याची घाई मला कळते. जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायची २० तारीख आलेली असते, आठ-दहा माणसं हातावर हात ठेवून बसलेली असतात आणि मालक दर दहा मिनिटांनी डोकावून जातो. तरीही या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि त्याची किंमत आपण नाही, ते ऑफिस मोजतं. म्हणून एकेक वाक्य घेतो.

“ॲक्सेस डिनाइड दाखवतंय”

चूक इथूनच सुरू होते. क्लार्क फोनवर “उघडत नाहीये” एवढंच सांगतो आणि आपण परमिशन धरून बसतो. आधी स्क्रीनचा फोटो मागवा, मेसेज शब्दन् शब्द वाचा. विंडोजमध्ये परवानगी नाकारल्याचा एरर नंबर ५. फाइल दुसऱ्या कुणी धरून ठेवली असेल तर ३२. नेटवर्कवरचा पाथच सापडत नसेल तर ५३. एकाच पीसीवरून एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या युजरनेमने जोडायला गेलात तर १२१९. यांतला परमिशनचा खरा दोष फक्त पहिल्यात. एरर ३२ आलेला असताना फुल कंट्रोल देऊन फाइल सुटत नाही. सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, शेअर्ड फोल्डर्समध्ये ओपन फाइल्स पाहा, ती कुणाच्या नावावर उघडी आहे ते समोर येतं. पुष्कळदा ती जेवायला गेलेल्या कुणाच्या तरी पीसीवर उघडी राहिलेली असते.

मॅप ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरच्या फोल्डरला आपल्या पीसीवर ड्राइव्हचं अक्षर देऊन जोडणं, हाही असाच फसवतो. सॉफ्टवेअर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने सुरू केलं की झेड ड्राइव्ह गायब होतो. यूएसी (ॲडमिनचे हक्क देण्याआधी विचारणारी विंडोजची सोय) चालू असताना ॲडमिन युजरची साधी आणि वाढीव हक्कांची अशी दोन लॉगॉन सेशन्स वेगळी ठेवली जातात. एकात जोडलेला ड्राइव्ह दुसऱ्याला दिसत नाही. सर्व्हरवर कितीही हक्क वाटले तरी हा ड्राइव्ह परत येणार नाही. शॉर्टकटमध्ये ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाचा पूर्ण पाथ घातला की बहुतेकदा काम होतं.

आणि एक गोष्ट तर रोजची. नवीन मुलीला ‘अकाउंट्स’ ग्रुपमध्ये टाकलं, तरी तिला फोल्डर उघडेना. कारण ती कुठल्या ग्रुपांत आहे ते लॉगिन होतानाच ठरतं आणि लॉगऑफ होईपर्यंत तेच राहतं. पीसी लॉक करून उघडणं म्हणजे नवं लॉगिन नाही. लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगा, मग ‘हूअॅमआय’ या कमांडला ग्रुप्सचा स्विच लावून तिच्याच पीसीवर ग्रुप दिसतो का ते पाहा. इथे काय होतं, माणूस एव्हरीवन देतो, “एकदा रीस्टार्ट मारून बघा” म्हणतो आणि चालू झालं की श्रेय एव्हरीवनला मिळतं. काम रीस्टार्टनेच केलेलं असतं.

“सिक्युरिटी टॅबवर एव्हरीवन टाकलं की चालतं”

कित्येकदा चालत नाही, कारण विंडोजच्या सर्व्हरवर नेटवर्कमधून येणाऱ्याला दोन दरवाजे ओलांडावे लागतात. शेअरिंग टॅबमधले शेअर परमिशन हा एक, सिक्युरिटी टॅबमधले एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची व्यवस्था) परमिशन हा दुसरा. कचेरीचं फाटक आणि आतल्या दप्तरखान्याचं कुलूप, दोन्ही उघडी हवीत. दोहोंपैकी जो कडक, त्याचंच चालतं. शेअरवर फक्त ‘रीड’ असेल तर सिक्युरिटी टॅबवर काहीही द्या, नेटवर्कवरून फाइल सेव्ह होणार नाही. ओळखायची खूण सोपी आहे. त्याच युजरने सर्व्हरवर बसून किंवा रिमोट डेस्कटॉपने आत जाऊन डी ड्राइव्हवरून फाइल उघडली तर शेअरचा दरवाजा मध्ये येतच नाही. तिथे चालतंय आणि टेबलावरच्या पीसीवरून चालत नाही, म्हणजे बहुधा फाटक बंद आहे.

या मेसेजमध्ये थोडंसं तथ्य आहे ते इथेच. शेअरच्या दरवाजावर सर्वांना पूर्ण मोकळीक देऊन सगळी राखण एनटीएफएसकडे सोपवायची, ही जुनी आणि मान्य रीत आहे. दोन ठिकाणी नियम ठेवले की वर्षभराने कुणालाच आठवत नाही कुठे काय आहे, म्हणून ती बरीही पडते. माझा अंदाज असा की कुणीतरी ही रीत अर्धवट ऐकली आणि फाटकाचा नियम दप्तरखान्याला लावला. तिथून मेसेज सुटला.

‘एव्हरीवन’ या नावामुळेही गैरसमज होतो. सर्व्हरने आधी माणसाला ओळखून आत घ्यावं लागतं, त्यानंतर एव्हरीवनचा प्रश्न येतो. पासवर्ड प्रोटेक्शन बंद करून, गेस्ट म्हणून सगळ्यांना आत घेणारे शेअर खूप ठिकाणी आहेत. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून असा बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश मुळातच बंद ठेवला आहे आणि एसएमबी सायनिंग (शेअरवरच्या देवाणघेवाणीवर खात्रीची डिजिटल सही) सक्तीचं केलं आहे. त्यामुळे अपडेट झालेला एकच पीसी अडतो, बाकीचे चालतात, आणि दोष सर्व्हरच्या फोल्डरवर येतो. शिवाय कुणी पूर्वी एखाद्या ग्रुपला थेट ‘डिनाय’ लावून ठेवलं असेल तर त्याच फोल्डरवरचा एव्हरीवनचा ‘अलाउ’ त्याच्यापुढे हरतो. ॲडव्हान्स्डमध्ये ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ नावाचा टॅब आहे. तिथे युजरचं नाव घाला, त्याला प्रत्यक्षात काय मिळतंय ते ओळीने दिसतं. काहीही बदलण्याआधी तो टॅब बघायची सवय लावून घ्या.

“फुल कंट्रोल”

मॉडिफाय (वाचणं, लिहिणं, पुसणं) आणि फुल कंट्रोल यांत फरक तीनच हक्कांचा आहे: आतले फोल्डर-फाइली परस्पर उडवणं, परमिशन बदलणं आणि मालकी स्वतःकडे घेणं. व्हाउचर टाकणाऱ्या, बिल छापणाऱ्या सॉफ्टवेअरला रोजच्या कामासाठी हे तीन हक्क लागताना मी आजवर पाहिलेलं नाही. मॉडिफायवर सगळं चालतं.

मग फुल कंट्रोलशिवाय चालत नाही असा अनुभव लोकांना का येतो? कारण त्याआधी त्यांनी हक्क कमी दिलेले असतात, किंवा चुकीच्या जागी दिलेले असतात. एका शाळेच्या कार्यालयातली गोष्ट सांगतो. फीच्या पावत्यांचा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्सेस’ या डेटाबेसमध्ये केलेला. सकाळी जो पहिला उघडेल त्याचं चालायचं, बाकी दोघांना ‘फाइल वापरात आहे’ असा मेसेज. तिघांचं ठरून गेलं होतं, मॅडमनी पावत्या संपवून प्रोग्राम बंद केला की काकांनी उघडायचा. आधीच्या माणसाने डेटाबेसच्या फाइलवर मॉडिफाय दिलं होतं, फोल्डरवर मात्र फक्त रीड. दिसायला बिनचूक. पण ॲक्सेसची फाइल उघडली की तिच्या शेजारी त्याच नावाची एक लॉक फाइल बनते, जुन्या आवृत्तीत तिचं एक्स्टेन्शन एलडीबी आणि नव्या आवृत्तीत एलएसीसीडीबी. आत्ता कोण आत आहे याची नोंद तिच्यात राहते, आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. फोल्डरमध्ये नवी फाइल बनवायचा हक्कच नसेल तर ही नोंदवही उघडणार कुठे? मग पहिल्याच्याच ताब्यात डेटाबेस जातो. मी फोल्डरवर त्या तिघांच्या ग्रुपला मॉडिफाय दिलं. तिघांनी एकदम प्रोग्राम उघडला, शेजारी लॉक फाइल उमटली. काका खुर्चीवरून उठून मॅडमच्या स्क्रीनकडे बघून आले, खरंच दोन्हीकडे चालू आहे का म्हणून. एव्हरीवन नाही, फुल कंट्रोल नाही.

वर्ड-एक्सेलचंही असंच. सेव्ह करताना ते मूळ फाइलवर थेट लिहीत नाहीत. शेजारी तात्पुरती फाइल बनवतात, तिच्यात सगळं लिहितात, मग जुनी काढून नवीला जुनीचं नाव देतात. म्हणजे बनवणं, पुसणं, नाव बदलणं हे तिन्ही हक्क लागतात. “लिहू दे, पण डिलीट करू देऊ नको” असं मालक सांगतो, आपण तसं करून देतो, आणि आठवड्याभरात फोल्डर टीएमपी फाइलींनी भरून जातो.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रोग्राम आणि डेटा एकाच फोल्डरमध्ये असू नयेत. ईएक्सई आणि डीएलएल (प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइली) जिथे आहेत तिथे युजरला फक्त ‘रीड अँड एक्झिक्यूट’, डेटा जिथे आहे तिथे मॉडिफाय. जुना प्रोग्राम अडून बसला तर अंदाज करू नका. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधला प्रोसेस मॉनिटर हा मोफत प्रोग्राम युजरच्या पीसीवर चालवा, रिझल्टच्या जागी ‘ॲक्सेस डिनाइड’ असा फिल्टर लावा आणि मग सॉफ्टवेअर अडेपर्यंत चालवा. ज्या फाइलपाशी अडलं तिचा पूर्ण पाथ त्या यादीत येतो. यादीतली प्रत्येक ओळ दोषाची नसते हे मात्र ध्यानात ठेवा. काही प्रोग्राम आधी जास्त हक्क मागून बघतात, नकार मिळाला की कमी हक्कांवर काम भागवतात. अडण्याच्या लगेच आधीच्या ओळी बघाव्यात. एका ठिकाणी अख्ख्या सर्व्हरला एव्हरीवन दिलेलं होतं आणि शोधल्यावर निघालं काय, तर प्रोग्रामला स्वतःच्या शेजारच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये शेवटची निवडलेली कंपनी लिहायची होती. त्या एका फाइलवर मॉडिफाय दिलं, बाकी सगळं काढून घेतलं.

“लिनक्स असेल तर चमोड ७७७”

हे आज चालतं आणि उद्या पुन्हा अडतं. चमोड ही परमिशन बदलायची कमांड, ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क. पण ते लागतं आत्ता असलेल्या फाइलींना. सर्व्हरवर कुणी नवी फाइल बनवली की ती उमास्कप्रमाणे (नव्या फाइलीतून कुठले हक्क वगळायचे ते सांगणारा आकडा) बनते, ०२२ असेल तर ६४४, म्हणजे बनवणारा सोडून बाकीच्यांना फक्त वाचता येते. मग लोक क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) दर तासाला ७७७ लावून ठेवतात! खरा मार्ग असा: एक ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करा, परमिशन २७७० ठेवा (मालकाला आणि ग्रुपला सगळे हक्क, बाकीच्यांना काही नाही). सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी. त्याने आत बनणारी प्रत्येक फाइल त्याच ग्रुपची होते. सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजच्या पीसींना शेअर करणारा प्रोग्राम) असेल तर त्या शेअरला क्रिएट मास्क ०६६० आणि डिरेक्टरी मास्क २७७० द्या. वरच्या एखाद्या फोल्डरला एक्झिक्यूट बिट (आत शिरण्याचा हक्क) नसेल तर खाली ७७७ असूनही आत जाता येत नाही. ‘नेमआय’ या कमांडला एल स्विच लावून पूर्ण पाथ दिला की प्रत्येक पायरी दिसते. एसईलिनक्स (लिनक्समधली जादा सुरक्षा-व्यवस्था) चालू असेल तर फोल्डरवरचं लेबलही तपासावं लागतं, ७७७ त्याला ओलांडू शकत नाही. एनएफएस, म्हणजे लिनक्स मशीननी आपसांत फोल्डर शेअर करायची सोय, तिच्या साध्या पद्धतीत तर सर्व्हरकडे युजरचं नाव जातच नाही, नंबर जातो. दोन मशीनवर त्याच माणसाचा नंबर वेगळा असेल तर फाइल भलत्याच्याच नावावर दिसते.

“ऑफिसात सगळी आपलीच माणसं”

आहेतच. त्यांच्यावर अविश्वास दाखवायला परमिशन लावत नाहीत. माउस धरलेला हात जरा घसरला की ‘२०२२-२३’चा फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. ज्याच्या हातून झालं त्याला पत्ताही नसतो, आणि सगळे “डेटा उडाला” म्हणून घाबरतात. सगळ्यात वरच्या पातळीवर, ‘धिस फोल्डर ओन्ली’ निवडून, युजरला फक्त रीड ठेवलं आणि तिथल्या फोल्डरवरून डिलीटचा हक्क काढला तर तो फोल्डर जागचा हलत नाही, आतलं काम मात्र चालू राहतं.

शिवाय आपल्या माणसाच्या नावावर त्याच्या पीसीवरचा प्रत्येक प्रोग्राम चालत असतो. मेलमधून रॅन्समवेअर आलं तर त्या युजरला जिथे जिथे लिहिता येतं तिथल्या फाइली ते एन्क्रिप्ट करतं, सर्व्हरवरच्यासुद्धा. स्टोअरच्या पीसीवर लागण झाली आणि स्टोअरच्या मुलाला फक्त स्टोअरचा फोल्डर असेल तर नुकसान तेवढ्यावर थांबतं. एव्हरीवन असेल तर पगारपत्रकं, ताळेबंद, ग्राहकांची कागदपत्रं, सगळं जातं. आणि ईएक्सई असलेल्या फोल्डरमध्ये सर्वांना लिहिता येत असेल तर एका पीसीवरचा व्हायरस त्या ईएक्सईला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जण आपल्या हाताने तो आपापल्या पीसीवर चालवतात.

“नंतर काढून टाकता येतं”

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. एव्हरीवन टाकताना “खाली लागू होत नाहीये” म्हणून माणूस ॲडव्हान्स्डमधल्या ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एन्ट्रीज’वर टिक करतो. त्या क्षणी आतल्या प्रत्येक फोल्डरवर वेगळे लावलेले परमिशन पुसले जातात, आणि त्याला अनडू नाही. एव्हरीवन काढता येतं, पण आधी तिथे काय होतं ते परत येत नाही. अशाच एका ऑफिसात मी मालकांसमोर वही घेऊन बसलो होतो: पगाराचा फोल्डर कोण बघतं, बँकेच्या पत्रांचा कोण, जुन्या भागीदाराच्या काळातला कोण. चार संध्याकाळी गेल्या, आणि दोन फोल्डरांचं उत्तर त्यांनाही आठवेना.

म्हणून हात लावण्याआधी आयकॅकल्स या कमांडने सेव्ह आणि टी हे दोन स्विच देऊन फोल्डरचे सगळे परमिशन एका फाइलमध्ये उतरवून घ्या. मोठ्या फोल्डरलाही फार वेळ लागत नाही. परत आणताना रिस्टोअर वापरायचं, आणि ते त्या फोल्डरवर नाही, त्याच्या वरच्या फोल्डरवर चालवायचं, कारण सेव्ह केलेल्या फाइलमध्ये पाथ वरच्या फोल्डरपासूनचे असतात. ती फाइल सर्व्हरवर ठेवू नका, पेनड्राइव्हवर घ्या आणि फाइलच्या नावात तारीख घाला.