‘पोरं दहा मिनिटांत उठून जातील’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया कालच वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर शब्द अजून कडक झाले असते, म्हणून रात्र जाऊ दिली.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एल. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या पुस्तकात, म्हणजे वादळानं ऑझ नावाच्या जादूच्या देशात नेलेल्या डोरोथी या मुलीच्या गोष्टीत, अल्मिरा गल्च नावाची बाई कुठेच नाही. एम.जी.एम. या अमेरिकन सिनेमा कंपनीनं १९३९च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’साठी ती नव्यानं घडवली, आणि डोरोथीच्या गावचं, कॅन्ससच्या माळावरचं सगळं दुःख एका खडूस बाईच्या माथी मारलं. एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘काकू, पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा, एवढं तरी समजून घ्या. माणसाच्या रूपातला व्हिलन दिसला नाही तर पोरं दहा मिनिटांत उठून जातील. पॅडिंग्टनमधली ती म्युझियमवाली काढा, मग उरतं काय? चिट्टी चिट्टी बँग बँगमधला पोरं पकडणारासुद्धा पुस्तकात नव्हता, पण लक्षात तोच राहिला ना? लहानपणी घरात इंग्रजी पुस्तकं असलेल्यांची ही हळहळ आहे, बाकी काही नाही.’

आधी सुराबद्दल. आपली ओळखदेख नाही. वयानं मी तुमची काकू असेनही, पण समोरच्याला वेड्यात काढायचं असलं की लोक कसं ‘काकू’ म्हणतात ते न कळण्याइतकी मी भोळी नाही. मुद्दा खोडा, हरकत नाही. मात्र तो खोडण्याआधी लिहिणारीला तिची जागा दाखवायची, ही पद्धत मला मान्य नाही. इथे येणाऱ्या कोणाशीही मी तशी वागत नाही.

राहिली इंग्रजी पुस्तकं. माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. आमच्या घरात पंचांग, पोथी आणि शाळेची पुस्तकं सोडली तर छापील कागद म्हणजे फक्त किराण्याच्या पुड्यांचा. ऑझचं पुस्तक मला मिळालं ते नोकरी लागल्यानंतर, फुटपाथवरच्या रद्दीच्या गठ्ठ्यात, कव्हर फाटलेलं. तेव्हा मी दोन मुलांची आई होते. जे बालपण मला मिळालंच नाही, त्याची हळहळ मी कुठून आणू? माहिती नसताना दुसऱ्याच्या घराबद्दल असं ठोकून द्यायचं धाडस तुम्हाला होतं कसं?

आता ते ‘दहा मिनिटांत उठून जातील’. हे तुम्ही कुठल्या मुलांबरोबर बसून ठरवलंत? मी विचारतेय कारण मी बसलेली आहे. आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी मी बरीच वर्षं मुलांना गोष्टी वाचून दाखवत होते. सतरंजीवर मुलं, खिडकीबाहेर त्यांच्या सायकली, आणि पुस्तक इंग्रजी असलं तर मी वाचता वाचता मराठीत सांगायची. ऑझचं पहिलं प्रकरण असंच सांगितलं होतं. त्यात खलनायक नाही. एका खोलीचं घर आहे, चहूकडे करडा माळ आहे, आणि उन्हावाऱ्यानं डोळ्यांतली चमक, गालांवरची लाली उडून गेलेली आँट एम, डोरोथीची काकू, आहे. तिचा नवरा अंकल हेन्री कधी हसत नाही. त्या सगळ्यात करडा नसलेला एकटा डोरोथीचा कुत्रा, टोटो. तोच तिला हसवतो. मग चक्रीवादळ येतं आणि घर उचलून नेतं. एकही मूल उठलं नाही.

शेवटच्या प्रकरणात डोरोथी परत येते तेव्हा अंकल हेन्रीनं बांधलेलं नवं घर तिला समोर दिसतं. तिथे एका मुलीनं मला थांबवलं. आदल्या वळवात तिच्या घराचे पत्रे उडाले होते. तिनं विचारलं, “बाई, नवीन घराला पैसे कुठनं आणले त्यांनी?”

मला उत्तर येत नव्हतं. ते खुद्द बॉमनं देऊन ठेवलंय, हे मला फार पुढे कळलं. ‘द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ’ या १९१०च्या पुस्तकात अंकल हेन्रीनं नव्या घरासाठी शेत गहाण टाकलेलं आहे. मग आजारपण आलं, डॉक्टरांनी समुद्रप्रवास करायला सांगितलं, त्यात आणखी पैसा गेला, आणि आता बँकवाला शेत घ्यायला टपलाय. दहा वर्षांनीसुद्धा बॉम ते वादळाचं घर विसरला नव्हता, आणि आमच्या सतरंजीवरच्या मुलीनं नेमकं तेच विचारलं होतं. मुलांना वाऱ्याची, दुष्काळाची, कर्जाची भीती कळते. त्या भीतीला नाक-डोळे आणि काळी टोपी चिकटवली तरच ती त्यांच्या डोक्यात शिरेल, हा मोठ्यांनी करून घेतलेला समज आहे.

सिनेमात काय होतं पाहा. मिस गल्च सायकलवरून येते, टोटोला ताब्यात घ्यायचा शेरीफचा हुकूम दाखवते आणि त्याला करंडीत घालून नेते. आँट एम तिला सुनावते, की अर्धा परगणा तुझ्या मालकीचा असला तरी आमच्यावर हुकूम चालवायचा अधिकार तुला नाही. वाक्य जोरदार आहे, हे मी मान्य करते. जमीन कोणाची, सत्ता कोणाची, हा खरा प्रश्न त्या एका ओळीत डोकावून जातो. पण पुढे? टोटो करंडीतून उडी मारून पळतो, वादळ येतं, डोरोथीला सायकलवरची गल्च झाडूवरची चेटकीण झालेली दिसते, ऑझमध्ये चेटकीण पाण्यानं विरघळते आणि डोरोथी अंथरुणात जागी होते. तो हुकूम रद्द झाला का? गल्च उद्या सकाळी पुन्हा आली तर? सिनेमा त्यावर चकार शब्द काढत नाही. टोटोचा जीव ज्या कागदावर टांगलेला होता तो कागद लेखकांनी वाऱ्यावर सोडला, कारण पडद्यावरची वाईट बाई मेल्यावर प्रेक्षकाला सगळं मिटल्यासारखं वाटतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे, आणि त्याला तुम्ही हातसुद्धा लावलेला नाही.

गल्च आणि चेटकीण या दोन्ही भूमिका करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन आधी बालवाडीच्या शिक्षिका होत्या. १९७५मध्ये त्या ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ या मुलांच्या कार्यक्रमात गेल्या. चेटकिणीचे कपडे एकेक करून अंगावर चढवत, हे सगळं नाटकातलं असतं, हे त्यांनी मुलांना दाखवलं. सिनेमा येऊन पस्तीसहून जास्त वर्षं झाली होती, तरी मुलांची समजूत काढावी लागत होती. असा व्हिलन मुलांना खुर्चीत बसवून ठेवतो खरा, पण भीतीनं. त्याला तुम्ही रस म्हणणार का?

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. पॅडिंग्टन या अस्वलाच्या २०१४च्या सिनेमात निकोल किडमननं त्या म्युझियमवालीचं काम चोख केलंय, हे मान्य. पण अस्वलात पेंढा भरायला निघालेली ही मिलिसेंट मायकेल बाँडच्या मूळ पुस्तकात नाही. ती काढली तर काय उरतं, याचं उत्तर १९५८च्या पहिल्याच पुस्तकात आहे. दाढीच्या क्रीमनं बाथरूमच्या जमिनीवर नकाशा काढत बसलेलं अस्वल, नळ बंद करायचा राहिलेला, पाणी काठाला आलेलं, आणि टबात शिरल्यावर बाहेर पडता येत नाहीये. हे वाचताना आमच्याकडची मुलं गुडघ्यांवर उठून बसायची. ‘पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा’ याला उत्तर देत नाही. ते मी लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तेवढं तरी वाचायचं होतं.

चिट्टी चिट्टी बँग बँगमधला पोरं पकडणारा मात्र तुमच्याप्रमाणे मीही विसरलेले नाही. इयन फ्लेमिंगच्या पुस्तकात, एका उडणाऱ्या मोटारीच्या गोष्टीत, तो नाही, १९६८च्या सिनेमात आला. मिठाईच्या गाडीचा रंगीत पडदा सरकतो आणि आत पिंजरा निघतो, ते दृश्य अंगावर येतं. पण तो स्वतःच्या मर्जीनं फिरत नाही. सिनेमातल्या त्या राज्यात मुलांना बंदी आहे, तिथला राजा असलेल्या बॅरनच्या बायकोला मुलं खपत नाहीत, आणि हा तिथला पगारी नोकर आहे. त्याला एकट्याला धरून भागत नाही, किल्ल्याखाली लपलेल्या मुलांना बाहेर काढून राजवाडाच ताब्यात घ्यावा लागतो. मिस गल्चच्या मागे असं काही उभं केलं असतं, अर्ध्या परगण्याची ती मालकी शेवटपर्यंत गोष्टीत राहिली असती, तर मी तो लेख लिहिलाच नसता.