सरासरी दर वाढला म्हणजे घर महागलं असं नाही

नमस्कार,

"पुण्यात दस्तनोंदणी जोरात आहे, सगळे अहवाल सरासरी दर वाढल्याचं सांगतात, आणि तुम्ही भाव उतरताहेत असं लिहून घर घेणाऱ्यांना घाबरवता," असा तुमचा आक्षेप आहे. ते आकडे मला मान्य आहेत. त्यांवरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

समजा, एका तिमाहीत वाघोलीत चौरस फुटाला ६,००० रुपयांनी दहा फ्लॅट गेले आणि बाणेरला तेवढेच मोठे दहा १०,००० नी. सरासरी ८,०००. पुढच्या तिमाहीत दोन्हीकडे भाव पाच टक्के उतरले, पण वाघोलीचं गिऱ्हाईक आटलं. तिथे पाचच फ्लॅट विकले गेले, बाणेरला पंधरा. आता सरासरी येते ८,५५०. प्रत्येक फ्लॅट स्वस्त झाला, आणि अहवालात मात्र जवळजवळ सात टक्के वाढ!

दुसरं, सूट कागदावर येतच नाही. बांधकाम चालू असलेला ८० लाखांचा फ्लॅट घ्या. पुणे शहरात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार, ५ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख. बिल्डरने दोन्ही स्वतः भरले, तर घेणाऱ्याचे साडेनऊ लाखांच्या वर वाचतात. करारनाम्यात किंमत तीच, ८० लाख. मला हीच घट महत्त्वाची वाटते, कारण हप्ते भरणाऱ्या कुटुंबाच्या खिशाला ती कळते, तक्त्याला नाही. बिल्डरही दर कमी करण्यापेक्षा हेच पसंत करतो. दर उतरवला की आधी बुकिंग केलेले लोक जाब विचारायला येतात.

रिसेलमध्येही रेडी रेकनर, म्हणजे सरकारने भागानुसार ठरवलेला दर, आडवा येतो. व्यवहार कितीही कमी किमतीत झाला तरी शुल्क रेकनरच्या मूल्यावर भरावं लागतं. रेकनरचं मूल्य किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघालं, तर फरकावर प्राप्तिकराचा प्रश्न उभा राहतो. म्हणून कागदावर किंमत फार खाली आणायला लोक कचरतात.

नोंदणीच्या संख्येबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं, डिसेंबरअखेरपर्यंत. शुल्क भरून ठेवलं की दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवता येत होता. त्यामुळे २०२१ च्या सुरुवातीच्या कितीतरी नोंदी मुळात डिसेंबरमधले सौदे होते. गर्दी सवलतीची होती, भाववाढीची नव्हे. आणि रिझर्व्ह बँकेच्या घरकिंमत निर्देशांकात बरीच वर्षं दहाच शहरं होती. कानपूर होतं, कोची होतं, पुणे नव्हतं. म्हणजे पुण्याचे भाव त्यातूनही कळत नव्हते.

पुण्यात मागणी खरी आहे, हिंजवडी-खराडीच्या नोकऱ्या खऱ्या आहेत, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण नवीन जोडप्याने वीस वर्षांचं कर्ज काढताना शहराची सरासरी बघून ठरवू नये, एवढ्यासाठी मी लिहितो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च, म्हणजे नोंदलेले दस्त शोधायची सोय, आहे. गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकून त्याच सोसायटीतल्या रिसेलचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचे सारांश, काढा. त्यात 'मोबदला' (दस्तात लिहिलेली किंमत) आणि 'बाजारभाव' (रेकनरचं मूल्य) असे दोन वेगळे आकडे असतात, दस्त केल्याची आणि नोंदवल्याची तारीखही वेगळी असते. मोबदल्याला कार्पेट क्षेत्रफळाने भागा आणि तीन-चार वर्षांचे सौदे शेजारी मांडा. तुमच्या सोसायटीत काय निघतं ते इथे जरूर लिहा. भाव चढलेले दिसले तर तेही मला हवं आहे.