वृद्धाश्रमातल्या बायांवरच्या त्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या घराघरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरून राहिला आहे. वृद्धाश्रमातल्या बाया म्हाताऱ्यांना पाठीला जखमा होईस्तोवर पडून राहू देतात, तहानलेले ठेवतात, रात्री गोळी देऊन स्वतः झोपतात. आणि आईबापांना तिथं ठेवणं हा २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं गुन्हा आहे, असं त्यात म्हटलंय. मी अशाच एका ठिकाणी सहा वर्षं रात्रपाळी केली. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी जखमा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, खुबा, टाच, जिथं हाड कातडीला टेकतं तिथं दाबामुळे रक्त पोचत नाही. आधी लाल डाग दिसतो, बोटानं दाबला तरी फिका न पडणारा. मग कातडी फुटते, मग खड्डा. आमच्याकडे २२ माणसं होती, त्यातली ८ अंथरुणावर. रात्री ८ ते सकाळी ८ मी एकटी. आठ जणांची सहा-सहा वेळा, म्हणजे ४८ वेळा कूस बदलायची. ओलं झालेलं बदलून, पुसून, उशी लावेपर्यंत दहा मिनिटं जातातच. झाले आठ तास. उरलेले १४ जण कोणी बघायचे?

शिवाय हे एकटीचं कामच नाही. खालची चादर दोघांनी दोन्हीकडून धरून माणूस उचलायचा असतो. एकटीनं ओढलं की कातडी घासते आणि जखम तिथूनच सुरू होते. आजोबांसाठी मी चौकीदारकाकांना हाक मारायची, ते एक टोक धरायचे. आज्यांच्या खोलीत त्यांना कसं बोलावणार?

पाण्याचं मात्र खरं आहे. माझ्याही हातून ते झालंय. माणशी दिवसाला दोन डायपर मिळायचे, तिसरा मागितला की ऑफिसात बोलणी. म्हणून संध्याकाळनंतर पेला अर्धाच भरायचा. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास, पहाटे कूलरची टाकी कोरडी. म्हातारपणी तहान कमी जाणवते, माणूस मागतही नाही. ओठ फुटतात, लघवी गडद होते, असंबद्ध बोलणं सुरू होतं आणि सगळे म्हणतात, आजी भ्रमिष्ट झाली. चूक आमची होती, पण दोन डायपरचा हिशोब आम्ही ठरवला नव्हता.

गोळी मावशी लिहून देत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या पुष्कळांची घालमेल दिवस मावळल्यावर वाढते. एक आजोबा रोज पिशवी घेऊन दाराशी यायचे, "मले घरी जाऊ दे वं." त्यांचा हात धरून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या की ते शांत व्हायचे. तेवढा वेळ रिकामं माणूस नसलं की गोळी येते, आणि गोळीच्या गुंगीत पहाटे लघवीला उठलेला माणूस पडून खुबा मोडून घेतो. कोणती गोळी, केव्हापासून, कोणत्या डॉक्टरनं लिहिली, हे विचारा.

फी भरपूर म्हणजे बायांची चंगळ, असंही त्यात आहे. आमचा तर सुट्टीचा दिवसही पगारातून कापला जायचा.

राहिला कायदा. कलम २४ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, पण ते ज्येष्ठांना कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं सोडून जाणाऱ्याला. नीट सोय लावून भेटायला येणारी लेक त्यात बसत नाही. याच कायद्याचं कलम १९ जिल्ह्याजिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचे वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद करतं. हे मेसेज लिहिणाऱ्यानं वाचलेलं दिसत नाही.

भेटायला जाल तेव्हा रविवारी सकाळी अकराला नका जाऊ. रात्रपाळी सुरू झाल्यावर, साडेआठला जा. ड्युटीवर किती जणी आहेत ते मोजा. पायावरची चादर सारून बाबांच्या टाचा बघा. आणि पेला पूर्ण भरून तुमच्या हातानं पाजा.