एक पणजोबा जादा आहे

परवा एका सरकारी कागदावरून मला कळलं, की माझे आजोबा जन्मलेच नाहीत. "सदर नोंदीचा आढळ होत नाही." खाली सही, शेजारी गोल शिक्का, तोही अर्धाच उमटलेला. या आजोबांनी मला खांद्यावर बसवून रंकाळ्यावर भेळ खायला नेलंय. कांदा कमी घातला म्हणून भेळवाल्याशी असं भांडण काढलंय, की पार तांबट कमानीपर्यंत ऐकू गेलं असेल. आढळ न होणाऱ्या माणसाला एवढा आवाज असतो?

जमिनीचं काम होतं. एवढं म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

आजोबा बापू, पणजोबा दत्तू, आडनाव पाटील. घोळ इथूनच सुरू होतो. आमच्या जिल्ह्यात रस्त्यात उभं राहून "ओ पाटील!" अशी हाक मारली, तर चहाची अख्खी टपरी मागं वळून बघते. त्यात थोरल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत. म्हणजे बापूचा दत्तू, दत्तूचा बापू, बापूचा परत दत्तू. रहाटगाडग्याचे पोहरे नुसते. कोल्हापूरच्या गादीवर तरी दुसरं काय होतं म्हणा: शिवाजी, मग संभाजी, परत शिवाजी, परत संभाजी. राजाराम कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, ते राजाराम महाराज १८७० साली पार इटलीत, फ्लॉरेन्समध्ये वारले. राजारामपुरीचे राजाराम वेगळे, ते शाहू महाराजांचे चिरंजीव. मी चार वर्षं कॉलेजात काढली, तरी हे मला पन्नाशीत कळलं.

पण राजांचं एक बरं असतं. त्यांना आबासाहेब, बुवासाहेब, बाबासाहेब म्हणायचे, त्यामुळं कोणता कोण ते उमजतं. तशी सोय गावातही होतीच की. मळ्यातला दत्तू, ओढ्याकडचा दत्तू आणि आमचा तो तिरका दत्तू. तिरका का, ते घरात कुणी सांगत नाही. अख्खा गाव त्याला त्याच नावानं ओळखायचा. दप्तरात लिहिणाऱ्यानं मात्र नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलं.

शाहू महाराज गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, असं आजोबा सांगायचे. महाराज गेले ६ मे १९२२ ला. म्हणजे बघायची ती १९१२ च्या आगेमागेची जन्माची रजिस्टरं. आता त्या काळी नोंद व्हायची बारशाच्या आधी, त्यामुळं तिथं बाळाचं नाव नसतंच. बापाचं नाव आणि पुढं 'मुलगा', संपलं. हे मी खिडकीतल्या साहेबांना तीनदा सांगितलं.

"बापू नका शोधू साहेब, दत्तू शोधा."

"अर्जात बापू लिहिलंय."

"आजोबांचं नाव, असा रकाना आहे म्हणून लिहिलंय."

"मग बापूच शोधणार."

शोधला. आढळ झाला नाही. कसा होईल? तो तेव्हा आठ दिवसांचा होता. शोधायची फी मात्र माणूस सापडला तरी तेवढीच, नाही सापडला तरी तेवढीच.

शेवटी रजिस्टर बघायची परवानगी काढली आणि मोडी वाचणाऱ्याची वाट बघत बाकावर बसलो. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हापासून मोडीवाल्यांना हाडाच्या डॉक्टरसारखे नंबर लागतात. लागणारच. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग तिला वाळवणासारखी अक्षरं टांगायची. शब्द तोडायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. दत्तू कुठं संपला आणि बापू कुठं सुरू झाला, हे लिहिणाऱ्याच्या बोरूला ठाऊक.

"कोण गावंना झालाय?"

शेजारी एक म्हातारबा बसले होते. डोक्याला टोपी, मांडीवर युरियाच्या पोत्याची शिवलेली पिशवी.

"दत्तू बापू."

"पाटील?"

"हो."

"आवो, मग आदी बोलायचं न्हाई का! मला पाच गावल्यात."

त्यांनी पिशवीतनं झेरॉक्सची चवड काढली, अंगठा जिभेला लावला आणि एकेक पणजोबा माझ्या मांडीवर मांडायला लागले. "ह्यो दत्तू बापू, मुलगा. ह्यो दत्तू बापू, मुलगी, ह्यो तुमच्या कामाचा न्हाई. ह्यो मुलगा. ह्यो बी मुलगा. आनि ह्यो फाटलाय, पर हाय दत्तूच."

"यातले तुमचे कुठले?"

"ह्यो असंल. न्हाईतर ह्यो. मला नातवाच्या दाखल्यापुरता एकच पायजे. बाकीचं चार काय घरात पुजायचं हाईत? घ्या एक तुमी."

"अहो, पणजोबा असा घेता येतो होय?"

"का? दत्तक घेत्यात न्हवं? शाहू म्हाराज सोता दत्तक आलेलं कागलास्नं. गादी चालली, तुमचा सातबारा चालंना व्हय?"

"पोरगं दत्तक घेतात. पणजोबा कुणी घेतलाय?"

"मग तुमी पयलं."

मी म्हटलं, आमचं गाव वेगळं, पंचगंगेच्या पलीकडं. ते म्हणाले, २०१९ च्या पुरात पलीकडचं-अलीकडचं कुठं राहिलं होतं, सगळं एकच पाणी. याला उत्तर नव्हतं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागले. बाजारात बैल बघतात तसं. दात तेवढे मोजले नाहीत.

"मान जरा वाकडी धरताय तुमी."

"बाकावर दोन तास बसलोय."

"तसं न्हवं. आमच्या पणज्याला बी तिरका दत्तू म्हणायचं."

माझ्या पोटात गोळा आला. बाकाच्या त्या टोकाला हा माणूस येडा वाटला होता, या टोकाला भावकी निघाला. तेवढ्यात आतून आवाज आला: मोडीवाले आज येत नाहीत, सोमवारी या. मागच्या सोमवारीही हेच सांगितलं होतं. हसायला काय जातंय, पण गुडघे धरून एस.टी.नं आलेला पंच्याहत्तरीचा माणूस, त्याला सकाळी दहाला हे सांगता आलं नसतं? पाच वाजता सांगायचं? दोन वर्षांच्या नोंदींची नावानिशी एक साधी यादी करून भिंतीला लावली असती, तर निम्मा बाक रिकामा झाला असता. पण यादी केली की फी कशाची घेणार?

म्हातारबा शांत होते. त्यांनी एक झेरॉक्स घडी करून माझ्या खिशात घातली. "ऱ्हाऊ दे. न्हाई लागला तर परत द्या." मग जरा थांबून, "झेरॉक्सचं दोन रुपय द्या तेवढं."

मी पाचचं नाणं दिलं. त्यांनी तीन रुपये परत केले नाहीत, माझा फोन नंबर मात्र लिहून घेतला.

काल रात्री फोन वाजला. आवाजात केवढी माया.

"पावणं, ती जमीन किती गुंठं म्हणालासा?"